टॅब चार्जही होईल, डेटाही घेईल: यूएसबी-सी पोर्टला वीज देणारं डिव्हाइस कसं करायचं

करवीर, पन्हाळा, राधानगरी भागातल्या दूध संस्थांसाठी मी एक छोटा बॉक्स बनवते. वर्कशॉप कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आहे. वजनकाटा आणि दुधातलं फॅट-एसएनएफ (एसएनएफ म्हणजे फॅट सोडून उरलेले घन घटक) काढायचं मशीन, दोन्हीच्या सिरियल वायरी या बॉक्सला येतात आणि बॉक्समधून एकच यूएसबी-सी केबल काउंटरवरच्या टॅबला जाते. लिटर, फॅट, दर, रक्कम टॅबवर दिसते, उत्पादकाच्या हातात पावती पडते. संकलन दोन वेळचं, सकाळ-संध्याकाळ. पावसाळ्यात लाइटचा भरवसा नसतो. टॅबला पोर्ट एकच. म्हणजे त्या एकाच केबलमधून टॅबला चार्जिंग मिळायला हवं आणि त्याच केबलमधून टॅबने बॉक्सचा डेटा वाचायला हवा. रांगेत माणसं उभी असताना टॅब बंद पडला तर कुणाचा तरी आकडा वहीत घाईने लिहिला जातो, आणि तो चुकला तर दहा दिवसांच्या बिलात उत्पादकाचे पैसे कापले जातात. त्यामुळे मला हे काम शंभर टक्के चोख हवं असतं.

यूएसबीत डेटा विचारणारा तो होस्ट आणि विचारल्यावर उत्तर देणारं ते डिव्हाइस. जुनी रीत अशी की जो होस्ट तोच वीज देतो आणि जे डिव्हाइस ते वीज घेतं. आपल्याला अर्धं उलटं हवंय. ॲप टॅबवर आहे, म्हणून होस्ट टॅबच. बॉक्स डिव्हाइस. वीज मात्र बॉक्सकडून टॅबकडे. हे नियमबाह्य अजिबात नाही. यूएसबी-सी जोडणीचा मॉनिटर रोज हेच करतो: लॅपटॉपला चार्ज करतो आणि तरी लॅपटॉपच्या दृष्टीने तो नुसता हब, म्हणजे डिव्हाइसच असतो. टाइप-सीच्या स्पेसिफिकेशनमध्ये अशा पोर्टला ‘सोर्सिंग डिव्हाइस’ असं रीतसर नाव आहे. फक्त तिथपर्यंत जायची वाट ठरलेली आहे आणि ती सोडली की काम होत नाही.

आधी सीसी पिना समजून घ्या

सी पोर्टात सीसी१ आणि सीसी२ अशा दोन पिना असतात. वीज देणारा आपली सीसी पिन आरपी नावाच्या रेझिस्टरने वर ओढून धरतो, घेणारा ती ५.१ किलोओहमच्या आरडी रेझिस्टरने खाली ओढतो. आरपी किती आहे यावरून घेणाऱ्याला कळतं की करंट किती घेता येईल. ५ व्होल्टला जोडलेला आरपी ५६ किलोओहमचा असेल तर साधा यूएसबीचा करंट, २२ किलोओहमचा असेल तर १.५ अँपिअर, १० किलोओहमचा असेल तर ३ अँपिअर.

केबल लागल्या क्षणी डेटाची दिशासुद्धा याच रेझिस्टरवरून ठरते. आरपीवाला होस्ट, आरडीवाला डिव्हाइस. दोन्ही गोष्टी एकत्र बांधलेल्या. त्या सोडवायच्या असतील तर दोन्ही बाजूंनी एकमेकांशी बोलावं लागतं आणि ते बोलणं म्हणजे पॉवर डिलिव्हरी, पीडी. सीसी वायरीवरूनच सेकंदाला सुमारे ३०० किलोबिटच्या वेगाने हे निरोप जातात. त्यात आपल्या कामाचे दोन निरोप आहेत. डीआर स्वॅप म्हणजे डेटाच्या भूमिकांची अदलाबदल. विजेला हात लागत नाही. पीआर स्वॅप म्हणजे विजेच्या भूमिकांची अदलाबदल. डेटाला हात लागत नाही.

इथे बहुतेक जण अडकतात. बॉक्समधला यूएसबी कंट्रोलर जबरदस्तीने पेरिफेरल, म्हणजे डिव्हाइसच्या, मोडमध्ये टाकतात, पाच व्होल्ट चालू करतात, टॅब चार्ज व्हायला लागतो आणि मग डेटा का येत नाही म्हणून गॅजेटचा (बॉक्सला यूएसबी डिव्हाइस म्हणून दाखवणारा) कोड उकरत बसतात. कोडात काही बिघडलेलं नसतं. टॅबने आरपी पाहिला, म्हणून तोही डिव्हाइस झाला. दोघंही समोरचा विचारेल म्हणून गप्प बसलेत. टॅबला होस्ट व्हायला सांगणारा निरोप पीडीतूनच जातो, दुसरी वाट नाही.

आता तिथे पोचायच्या वाटा दोन. पहिली: बॉक्स आरपी दाखवून सुरुवात करतो, म्हणजे तो देणारा आणि होस्ट. पीडीचा करार झाला की बॉक्स डीआर स्वॅप मागतो, टॅब होस्ट होतो, बॉक्स डिव्हाइस. दुसरी: बॉक्स आरडी दाखवून सुरुवात करतो, म्हणजे घेणारा आणि डिव्हाइस. मग पीआर स्वॅप मागून वीज उलट फिरवायची. चार्जर लावता येतो असे बाजारातले हब बहुधा या दुसऱ्या वाटेने जातात.

दूध संस्थेसाठी मी पहिलीच वाट धरते आणि त्याचं कारण एकच पुरेसं आहे. टॅबची बॅटरी पूर्ण उतरली असेल तर तो फक्त आरडी दाखवू शकतो. बॉक्सनेही आरडी दाखवला तर दोघंही घेणारे, कुणीच देणारा नाही, आणि सकाळी सहा वाजता मेलेला टॅब मेलेलाच राहतो. पहिल्या वाटेने तो आधी चार्ज व्हायला लागतो, अँड्रॉइड उठल्यावर भूमिका बदलता येते. शिवाय पीआर स्वॅपमध्ये पाच व्होल्टची लाइन क्षणभर शून्यावर जाऊन परत येते. त्या वेळी कंट्रोलरने ‘केबल निघाली’ असं समजून जोडणी तोडली नाही ना, हे वेगळं सांभाळावं लागतं. डीआर स्वॅपमध्ये विजेची लाइन हलतच नाही.

सोल्डरिंग आयर्न तापवायच्या आधी टॅब तपासा

टॅब पीडी बोलत नसेल किंवा डीआर स्वॅप नाकारत असेल तर पुढची सगळी मेहनत फुकट. म्हणून संस्थेने टॅब घ्यायच्या आधी मी तो हातात घेऊन पाहते. पीडी बोलणाऱ्या लॅपटॉपच्या सी पोर्टला टॅब लावा, टॅब चार्ज होऊ द्या आणि अँड्रॉइडच्या यूएसबी सेटिंगचं पान उघडा. तिथे यूएसबीचा ताबा कुणाकडे, जोडलेल्या डिव्हाइसकडे की या डिव्हाइसकडे, असे दोन पर्याय असतात. ‘हे डिव्हाइस’ निवडल्यावर ते टिकलं आणि चार्जिंगही चालू राहिलं तर टॅब डीआर स्वॅप करतो. पर्याय करडा दिसत असेल, किंवा निवडल्यावर थोडा वेळ फिरून परत मागे जात असेल, तर दुसऱ्या लॅपटॉपवर एकदा खात्री करा. लॅपटॉपनेही नकार दिलेला असू शकतो.

चार्जिंगवाला हब आणि कीबोर्ड लावून पाहायची पद्धतही आहे. टायपिंग आणि चार्जिंग एकत्र चाललं तर टॅब पीडी बोलतो एवढं नक्की. पण हब बहुधा पीआर स्वॅपच्या वाटेने गेलेला असतो, म्हणून मी नुसत्या या चाचणीवर विसंबत नाही.

बॉक्सच्या आतलं सामान

माझ्या बॉक्समध्ये लिनक्सवर चालणारा छोटा बोर्ड आहे, त्याचा यूएसबी कंट्रोलर डीडब्ल्यूसी३ जातीचा, होस्ट आणि डिव्हाइस दोन्ही होऊ शकणारा. सीसी पिना सांभाळायला एफयूएसबी३०२ ही चिप. ती आय-टू-सीवर (चिपा जोडायच्या दोन वायरींच्या लाइनवर) बसते, पीडीचे निरोप पाठवते-घेते, आणि कधी काय बोलायचं हे लिनक्समधला टीसीपीएम नावाचा भाग ठरवतो. ही चिप स्वतः पाच व्होल्ट चालू-बंद करत नाही, त्यासाठी वेगळा लोड स्विच लागतो.

हा लोड स्विच निवडताना कंजूषपणा नको. तीन गोष्टी हव्यात: करंटची मर्यादा, उलटा करंट अडवायची सोय आणि बंद झाल्यावर लाइनमधला उरलेला व्होल्टेज उतरवणारा डिस्चार्ज. केबल काढल्यावर सी पोर्टची पॉवर लाइन ६५० मिलिसेकंदांच्या आत ०.८ व्होल्टच्या खाली आली पाहिजे. म्हणून मोठा कपॅसिटर स्विचच्या आधी बसवा, पोर्टच्या बाजूला नको. बॅटरी १२ व्होल्टची, तिच्यापुढे व्होल्टेज उतरवणारा ५ व्होल्टचा बक कन्व्हर्टर. टॅबला ३ अँपिअर द्यायचे म्हणजे १५ वॉट. बोर्डाचा स्वतःचा खर्च त्याच कन्व्हर्टरवर असेल तर तो ५ अँपिअरचा घ्या, नाहीतर टॅब लावला की बोर्ड रिसेट होतो.

एका संस्थेच्या सचिवांनी मला विचारलं होतं, “ताई, पाच व्होल्ट सरळ जोडून टाका की वायरीला. कशाला एवढा कुटाणा?” मी म्हटलं, “आण्णा, उद्या ऑफिसातल्या पोरानं हीच केबल कॉम्प्युटरला लावली तर दोन्हीकडून पाच व्होल्ट एकमेकांवर आदळणार. कॉम्प्युटरचा पोर्ट गेला तर भरून कोण देणार?” हा मुद्दा मी प्रत्येकाला सांगते. समोर आरडी दिसल्याशिवाय सी पोर्टावर व्होल्टेज यायलाच नको. हे पाळलं तर एका टोकाला ए प्लग असलेली केबल कॉम्प्युटरला लावली तरी काही होत नाही. त्या केबलमध्ये आरपी असतो, आपणही आरपी दाखवतो, आरडी कुणालाच दिसत नाही आणि स्विच बंदच राहतो.

बोर्ड जोडून झाला की कोडाकडे वळायच्या आधी मल्टिमीटर काढा. टॅब लावलेला असताना वापरात असलेल्या सीसी पिनेवर ग्राउंडच्या तुलनेत व्होल्टेज बघा. साधारण १.७ व्होल्ट दिसले तर आपण ३ अँपिअरची जाहिरात करतोय. ०.९ दिसले तर १.५ अँपिअरची, ०.४ दिसले तर साध्या यूएसबीची. दुसऱ्या सीसी पिनेवर हा आकडा येणार नाही. केबल उलटी करून लावली की तो दुसऱ्या पिनेवर गेला पाहिजे. उलटी लावल्यावर तो कुठेच दिसत नसेल तर एका पिनेचा सोल्डर धरलेला नाही. पीडी ३.० मध्ये देणाऱ्याला बोलायला सुरुवात करायची असली की तो आरपी थोडा वेळ १.५ अँपिअरच्या पातळीवर आणतो, म्हणजे समोरच्याला कळतं की आता मध्ये बोलू नये. त्यामुळे मीटरचा आकडा १.७ वरून क्षणभर खाली येऊन परत वर गेला तर घाबरू नका, संवाद चालू आहे.

केबल दोन्हीकडे सी असलेली, डेटाच्या वायरी असलेली घ्या. ३ अँपिअरपर्यंत ई-मार्करची, म्हणजे केबलची क्षमता सांगणाऱ्या चिपची, गरज नसते. मी एक मीटरपेक्षा लांब केबल वापरत नाही. पूर्ण करंटला केबलच्या पॉवर वायरीत अर्धा व्होल्ट आणि ग्राउंडमध्ये पाव व्होल्ट पडायची मुभा स्पेसिफिकेशन देतं. स्वस्त केबल ती मुभा पुरेपूर वापरते आणि टॅब ‘हळू चार्ज होतोय’ म्हणतो.

कर्नलला काय सांगायचं

कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा. पुढे फाइलींची आणि सेटिंगांची नावं मी उच्चाराप्रमाणे लिहितेय. मशीनवर ती बहुतेक इंग्रजी छोट्या लिपीत असतात. सिस-फोल्डरातल्या (इथे कर्नलची चालू स्थिती फाइलींच्या रूपात दिसते) नावांत दोन शब्दांमध्ये अंडरस्कोअर येतो, डिव्हाइस ट्रीत (बोर्डावर काय कुठे जोडलंय हे कर्नलला सांगणारी फाइल) आडवी रेघ. अपवाद ‘डीआर-मोड’, तिथे अंडरस्कोअरच.

डिव्हाइस ट्रीमध्ये एफयूएसबी३०२ च्या नोडखाली कनेक्टरचा नोड असतो, त्याची जात ‘यूएसबी-सी-कनेक्टर’. त्यात पॉवर-रोलला ‘सोर्स’ लिहा. ड्युअल लिहू नका, कारण हा बॉक्स टॅबकडून वीज कधीच घेणार नाही. ड्युअल ठेवलं तर दोन ड्युअल पोर्टांपैकी कोण देणारा होईल हे प्रत्येक वेळी नशिबावर जातं. डेटा-रोलला मात्र ‘ड्युअल’ लिहा. इथे ‘डिव्हाइस’ लिहायचा मोह होतो, कारण शेवटी आपल्याला डिव्हाइसच व्हायचंय. पण ते लिहिलं की कर्नल डीआर स्वॅप मागायचंच बंद करतो. बॉक्स पहिल्यापासून डिव्हाइस, टॅबही डिव्हाइस, आणि आपण परत वर सांगितलेल्या गप्प बसलेल्या जोडीपाशी.

मग सोर्स-पीडीओज. टॅबला दाखवायचा हा विजेचा दरफलक आहे. मी एकच ओळ देते: स्थिर ५ व्होल्ट, ३ अँपिअर. व्होल्टेज ५० मिलिव्होल्टच्या पटीत आणि करंट १० मिलिअँपिअरच्या पटीत साठवतात, म्हणजे आत १०० आणि ३०० जातात. कर्नलच्या मॅक्रोला थेट ५००० आणि ३००० दिले तरी तो हिशोब करून घेतो. याच ओळीत दोन बिट लावायला विसरू नका. एक ‘यूएसबी कम्युनिकेशन’, म्हणजे आपण डेटा बोलतो, आणि दुसरा ‘डेटा स्वॅप’, म्हणजे आपण डेटाची भूमिका बदलू शकतो. हा दुसरा बिट २५ व्या जागेवर असतो. तो नसला तर काही टॅब स्वॅपला नकार देतात, आणि ते त्यांचं चुकत नाही. बाहेरचा वीजपुरवठा भक्कम आहे असं सांगणारा बिट मी लावत नाही. लाइट गेल्यावर बॉक्स बॅटरीवर असतो आणि टॅबला खोटं सांगण्यात अर्थ नाही.

९ व्होल्टची ओळ मी मुद्दाम देत नाही, टॅब मागत असला तरी. संकलन संपलं की काउंटर धुतला जातो, हात ओले असतात, कनेक्टरमध्ये ओल जाते. सी पोर्टात पॉवरची पिन आणि सीसी पिन शेजारी-शेजारी, अर्ध्या मिलिमीटरच्या अंतरावर आहेत. ओलीमुळे किंवा साचलेल्या मळामुळे त्या जुळल्या तर ५ व्होल्टला वाचायची शक्यता जास्त, ९ व्होल्टला सीसीची चिप जाते. १५ वॉट टॅबला भरपूर होतात.

डिव्हाइस ट्रीतली आणखी दोन कामं. लोड स्विचचा रेग्युलेटर एफयूएसबी३०२ च्या नोडला ‘व्हीबस-सप्लाय’ म्हणून जोडा. आणि डीडब्ल्यूसी३ च्या नोडमध्ये डीआर-मोड ‘ओटीजी’ (होस्ट-डिव्हाइस दोन्ही) ठेवून ‘यूएसबी-रोल-स्विच’ लावा, त्याचं टोक कनेक्टरच्या टोकाशी जोडा. हे टोक जोडायचं राहिलं की फार फसवं चित्र दिसतं: टाइप-सीची फाइल म्हणते ‘डिव्हाइस’, पण कंट्रोलरला कुणी सांगितलेलंच नसतं, तो आपल्या आधीच्याच भूमिकेत बसून असतो.

अदलाबदल

बोर्ड चालू करा, टॅब लावा. सिस, क्लास, टाइपसी या क्रमाने आत जा, तिथे पोर्ट० नावाचा फोल्डर दिसेल. त्यातली ‘पॉवर ऑपरेशन मोड’ ही फाइल आधी वाचा. त्यात ‘यूएसबी पॉवर डिलिव्हरी’ आलं तर करार झाला. ‘३.०ए’ वरच थांबलं असेल तर टॅब पीडी बोललेला नाही आणि पुढे जायचं कारण नाही.

करार झाला असेल तर ‘डेटा रोल’ वाचा. होस्ट आणि डिव्हाइस दोन्ही शब्द दिसतील, चालू असलेला चौकटी कंसात. आत्ता होस्ट कंसात असेल. याच फाइलमध्ये ‘डिव्हाइस’ हा शब्द लिहा. झालं. परत वाचल्यावर कंस डिव्हाइसभोवती गेलेला दिसेल, ‘पॉवर रोल’ मध्ये मात्र कंसात सोर्सच राहील. आपल्याला हवी असलेली जोडी हीच: देणारा आणि डिव्हाइस.

लिहिताना चूक परत आली तर ती नीट वाचा, तिच्यात टॅबचं उत्तर असतं. ‘तात्पुरतं उपलब्ध नाही’ या अर्थाची चूक आली तर एकतर करार अजून पुरा झालेला नाही किंवा टॅबने ‘थांब’ म्हटलंय. निदान १०० मिलिसेकंद थांबून परत मागा. मी एक सेकंद थांबते, टॅबला घाई केलेली चालत नाही. ‘ही क्रिया चालत नाही’ अशी चूक आली तर टॅबने सरळ नकार दिलाय. वेळ संपल्याची चूक म्हणजे उत्तरच आलं नाही, तेव्हा केबल बदलून बघा. डीबगएफएस (कर्नलच्या आतल्या नोंदी दाखवणारा फोल्डर) चालू असेल तर कर्नल, डीबग, यूएसबी या फोल्डरात टीसीपीएमची नोंदवही असते. तिच्यात प्रत्येक पायरी वेळेसकट लिहिलेली सापडते. ‘एसआरसी रेडी’ नंतर ‘डीआर स्वॅप सेंड’ आणि त्यानंतर ‘डीआर स्वॅप चेंज डीआर’ असा क्रम दिसला की काम झालं.

हे हाताने एकदा जमलं की सर्व्हिस, म्हणजे मागे सतत चालणारा प्रोग्रॅम, लिहा, कारण भूमिका कायमची बदललेली नसते. केबल काढून लावली, की सुरुवात परत होस्टपासून. आणि केबल न काढताही ती उलटू शकते: टॅब रीस्टार्ट होताना बऱ्याचदा हार्ड रिसेट पाठवतो. हार्ड रिसेट म्हणजे पॉवर लाइन शून्यावर जाऊन परत येते आणि देणारा परत होस्ट होतो. सॉफ्ट रिसेटने तसं होत नाही. म्हणून माझी सर्व्हिस केबल लागल्याच्या सूचनेवर एकदा स्वॅप मागून झोपत नाही. ती ठरावीक वेळाने डेटा रोल बघत राहते आणि होस्ट दिसला की परत मागते. बॅटरी उतरलेला टॅब सुरुवातीला पीडी बोलत नाही किंवा नकार देतो. अँड्रॉइड उठेपर्यंत सर्व्हिसने शांतपणे विचारत राहायचं आणि चार्जिंग चालू ठेवायचं.

गॅजेट

डिव्हाइस म्हणून बॉक्स काय दिसावा हे कॉन्फिगएफएसमधल्या (कर्नलला सेटिंग द्यायचा फोल्डर) यूएसबी गॅजेट फोल्डरात ठरतं. मी दोन एसीएम फंक्शन, म्हणजे यूएसबीवरचे सिरियल पोर्ट, ठेवते, एक काट्यासाठी, एक फॅट मशीनसाठी. बोर्डावर ती दोन सिरियल पोर्ट म्हणून दिसतात. एक लहानसा प्रोग्रॅम इकडचे बाइट तिकडे टाकतो, बस्स.

आपल्या विषयाशी थेट संबंध असलेल्या जागा इथे दोनच आहेत. कॉन्फिगरेशनच्या फोल्डरात ‘बीएम-ॲट्रिब्यूट्स’ नावाची फाइल असते (नाव सलग, ए मोठा), तिच्यात १९२ लिहा. १२८ म्हणजे होस्टच्या विजेवर चालणारं डिव्हाइस, त्यात ६४ मिळवले की स्वतःच्या विजेवर चालणारं. आणि ‘मॅक्स-पॉवर’ मध्ये (हेही सलग, एम आणि पी मोठे) ० लिहा. आपण टॅबला वीज देतोय, त्याच्याकडे अर्धा अँपिअर मागायचं काही कारण नाही, आणि मागितला तर काही टॅब ‘या डिव्हाइसला जास्त वीज लागते’ म्हणून जोडणीच नाकारू शकतात.

क्रमाकडे लक्ष द्या. डीडब्ल्यूसी३ मध्ये यूडीसी, म्हणजे डिव्हाइस कंट्रोलरची नोंद, डेटा रोल होस्ट असताना सिस-क्लासमध्ये नसते, रोल डिव्हाइस झाला की उगवते. त्यामुळे स्वॅपच्या आधी, बॉक्स होस्ट असताना गॅजेट बांधायचा प्रयत्न केला तर नावच सापडत नाही. गॅजेटचे फोल्डर बूटला तयार करून ठेवा, स्वॅप झाल्यावर यूडीसीचं नाव लिहा, आणि हार्ड रिसेटनंतर परत लिहा. यूडीसीच्या ‘स्टेट’ फाइलमध्ये ‘कॉन्फिगर्ड’ आलं की टॅबने आपल्याला ओळखलं.

अँड्रॉइडच्या ॲपमध्ये यूएसबी जोडल्याच्या सूचनेचा फिल्टर मॅनिफेस्टमध्येच लिहा, आपला व्हेंडर आणि प्रॉडक्ट क्रमांक घालून. नाहीतर दर वेळी परवानगीची खिडकी येते आणि दूध मोजणारा माणूस ओल्या बोटाने ‘नको’ दाबतो.

बॉक्स संस्थेत बसवल्यावर मी चार गोष्टी त्यांच्यासमोर करून दाखवते: केबल उलटी लावणे, टॅब रीस्टार्ट करणे, मेन स्विच पाडून बॅटरीवर आणणे, आणि पूर्ण उतरलेला टॅब लावणे. चौथीला वेळ लागतो, चहा होतो तोवर.

टॅब पीडी बोलतच नसेल तर

काही संस्थांनी टॅब आधीच घेतलेले असतात आणि त्यात पीडी नसतं. मायक्रो-यूएसबीच्या काळात यासाठी आयडी पिनेवर १२४ किलोओहमचा रेझिस्टर लावायची सोय बॅटरी चार्जिंगच्या स्पेसिफिकेशनमध्ये होती, पण ती पाळणारे फोन मोजकेच. सी पोर्टासाठी तिचा उपयोग नाही. टॅब रूट करून भूमिका बदलायचे उपाय लोक सुचवतात. संस्थेच्या टॅबवर मी ते करत नाही, पुढचा अपडेट आला की ते निघून जातं.

त्याऐवजी दिशा आहे तशी राहू द्या. बॉक्स देणारा आणि होस्ट, टॅब घेणारा आणि डिव्हाइस. आणि अँड्रॉइडची ओपन ॲक्सेसरी पद्धत वापरा. २०११ पासून ती अँड्रॉइडमध्ये आहे आणि तिची मूळ कल्पनाच ही आहे की बाहेरचं उपकरण होस्ट होईल आणि अँड्रॉइडला वीजही देईल. बॉक्स टॅबला काही ठरावीक कंट्रोल रिक्वेस्ट पाठवतो: आधी तू कुठली आवृत्ती बोलतोस, मग आपल्या उपकरणाची नावं, मग ‘सुरू कर’. टॅब एकदा सुटून परत जोडला जातो, या वेळी ॲक्सेसरी मोडमध्ये, आणि दोन बल्क एंडपॉइंटवरून (डेटाच्या येण्या-जाण्याच्या वाटा) बाइट जायला-यायला लागतात. डेव्हलपरला थोडं जास्त लिहावं लागतं, पण पीडीची गरज उरत नाही.

माझ्या ॲपमध्ये मी दोन्ही वाटा ठेवल्यात. यूएसबी डिव्हाइस म्हणून बॉक्स आला तर एसीएमचा भाग चालतो, ॲक्सेसरी म्हणून आला तर दुसरा. वरच्या थराला फक्त ओळी मिळतात: काट्याचं वजन, मशीनचं फॅट आणि एसएनएफ. बॉक्सची सर्व्हिस डीआर स्वॅप मागते, नकार आला तर ठरावीक वेळा परत विचारते, आणि तरी जमलं नाही तर होस्ट राहून ॲक्सेसरीची रिक्वेस्ट पाठवते. मात्र पीडीचा करार झालेला असेल तर ही दुसरी वाट धरायच्या आधी निदान एक मिनिट वाट बघा. अँड्रॉइड उठायला तेवढा वेळ घेतो, आणि अर्धवट उठलेल्या टॅबने दिलेला नकार हा त्याचा खरा नकार नसतो.